बदकाचा शिक्का

शिक्केसाहेबांच्या उजव्या मनगटाबद्दल मी जे सांगणार आहे, त्यातलं अर्धं तरी खरं धरा. उरलेलं अर्धंही खरंच आहे, पण त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही हे मला ठाऊक आहे.

परवाने कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. उठावाचा शिक्का. शाईचा नव्हे! शाईचा शिक्का काय, कोणीही उठावं आणि आपटावा. उठावाच्या शिक्क्याचं यंत्र बिडाचं असतं, मगरीसारखा जबडा असलेलं. कागद त्या जबड्यात सरकवायचा, दांडा दाबायचा, आणि कागदाच्या अंगावर अक्षरं गोलाकार उभी राहायची, रंग नाही, शाई नाही, नुसता उठाव. दांडा किती दाबायचा हे मनगटाला कळावं लागतं. कमी दाबला तर कागद ढिम्म, जास्त दाबला तर भोक. साहेबांच्या हातून चौतीस वर्षांत एकही शिक्का वाकडा गेला नाही, म्हणून त्यांचं नाव शिक्केसाहेब पडलं, आणि खरं नाव घरच्या दरवाजावरच्या पाटीपुरतं उरलं. निवृत्त झाल्यावरही सकाळी चहाचा कप उचलण्याआधी ते मनगट दोनदा फिरवून घेत. तालीम सोडलेला पहिलवान बसल्या जागी दंड चाचपतो ना, तसं.

तर अशा माणसाला गेल्या वर्षी त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीने चारी मुंड्या चीत केलं.

आक्का त्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. साहेब तळमजल्यावर. दोन वर्षांपूर्वी आक्काची नजर गेली आणि वर्षभरापूर्वी इमारतीची लिफ्ट गेली. लिफ्ट मोडली नव्हती, तिचा परवाना संपला होता. पण बंद ती बंदच. आक्का तेव्हापासून खाली उतरलेली नाही. "मला उचलून न्यायचं नाव काढाल तर याद राखा," असं तिने सगळ्यांना एकदाच बजावलं. "माझं वजन आणि माझा मान, दोन्ही एकदम कुणाला पेलायचे नाहीत."

गेल्या वाढदिवसाला साहेबांनी तिला दुकानातलं भलंमोठं शुभेच्छापत्र दिलं. वर शिडाची होडी, आत चार ओळींची कविता. आक्काने ते पुढून चाचपलं, मागून चाचपलं, उघडून चाचपलं, आणि म्हणाली, "छान गुळगुळीत आहे रे. पण कोरंच का दिलंस?"

बस्स. साहेब चार मजले उतरून खाली आले. ज्याने आयुष्यभर बोटांनी वाचता येईल असं काम केलं, त्याने बहिणीला गुळगुळीत कागद द्यावा! त्या दिवशी त्यांनी मनाशी गाठ मारली. पुढचं पत्र मी करीन, माझ्या हाताने करीन, आणि ते आक्काच्या बोटांना दिसेल.

मध्यमवर्गीय माणसाची प्रतिज्ञा असते तशी हीही पुढचे अकरा महिने बावीस दिवस पक्की टिकली, म्हणजे तिला कुणी हात लावला नाही. आक्काला पंचाहत्तर पूर्ण व्हायला आठ दिवस उरले, तेव्हा साहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आजपासून काम सुरू."

"कसलं?" बायको म्हणाली.

"उठावाचं. आक्काच्या पत्रावर उठावाचं चित्र काढणार."

"अहो, पण तुम्हाला चित्र कुठे काढता येतं?"

"एक येतं," साहेब मानाने म्हणाले.

आणि ते खरं होतं. साहेब चार वर्षांचे असताना आक्काने त्यांना पाटीवर दोनाचा आकडा काढायला शिकवला होता. मग त्या दोनाला एक डोळा, एक चोच आणि एक पंख जोडून त्याचं बदक करून दाखवलं होतं. साहेबांची चित्रकला तिथे सुरू झाली आणि तिथेच संपली. पण बदक मात्र झोपेतसुद्धा काढतील.

पहिला प्रश्न साच्याचा. जाड, टणक, तरीही कात्रीने कापता येईल असं काहीतरी हवं होतं. साहेबांनी घरभर शोधलं आणि कपाटामागे त्यांना अगदी हवी तशी वस्तू मिळाली. काळी, चकचकीत, लवचीक. त्यांनी तिच्यातून एकसारखी चार बदकं कापली आणि एकावर एक चिकटवून चांगलं जाडजूड बदक तयार केलं.

"अहो," संध्याकाळी बायको कपाटाशी उभी राहून म्हणाली, "माझ्या गुडघ्याचा एक्स-रे कुठे आहे?"

साहेबांनी बदक उजेडासमोर धरलं. बदकाच्या पोटात वाटी आणि नडगी स्पष्ट दिसत होती.

"गुरुवारी डॉक्टरांना काय दाखवू मी? हे?"

"दाखव ना. झीज कळेल त्यांना. पोटाच्या डाव्या बाजूला आहे बघ."

त्यानंतर त्या घरात दीड दिवस कुणी कुणाशी बोललं नाही, पण काम थांबलं नाही.

साच्यावर कागद ठेवायचा आणि बोथट टोकाने कडा दाबत जायच्या, की खालचा आकार वर उठतो, एवढं साहेबांना ठाऊक होतं. पण हत्यार? त्यांनी संपलेलं बॉलपेन घेतलं, कागद फाटला. विणायची सुई घेतली, कागद फाटला आणि सुईवरचा अर्धा स्वेटर उसवला. चमच्याचं टोक घेतलं, तर बदक बसलेल्या म्हशीसारखं उठलं. चौतीस वर्षांचं मनगट घरच्या जेवणाच्या टेबलावर हरत होतं, आणि हे सगळं खिडकीतून दिसत असल्यामुळे येणारा-जाणारा सल्ला देत होता. दूधवाला म्हणाला, थोडं तेल लावा. पेपरवाला म्हणाला, कागद आमचा वापरा. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी तर नुसती मान हलवली, आणि साहेबांना तीच जास्त लागली.

शेवटी दुसऱ्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण दवाखान्यात जाताना आत डोकावली. तिने टेबल पाहिलं, फाटलेली बदकं पाहिली आणि पिशवीतून एक बारीक, चकचकीत हत्यार काढलं. त्याच्या टोकाला मोहरीएवढी गोळी होती.

"काका, हे घ्या. दातात चांदी भरली की याने घोटतो आम्ही. टोचत नाही."

"दातात फिरलेलं आहे?"

"उकळलेलं आहे. आणि काका, कागद थोडा ओलसर करा म्हणजे तो ताणला जाईल. जोर करू नका. कडेकडेने गोल गोल फिरवा. दात दुखतोय असं समजा."

साहेबांनी कागद ओलसर केला. दात दुखतोय असं समजून, ओठ मुडपून, गोळी कडेकडेने फिरवली. आणि काय सांगू! हत्यार बाजूला घेतलं तर पांढऱ्यावर पांढरं बदक उभं! मान, पंख, शेपूट, सगळं. साहेब खुर्चीवरून उठलेच. "उठलं! उठलं!" अशी त्यांची आरोळी ऐकून तिसऱ्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. वर्षभर बंद असलेली लिफ्टच उठली असं त्यांना वाटलं होतं.

बायकोने अबोला सोडून बदकावरून बोट फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"दिसतंय छान," ती म्हणाली. "पण बोटाला फारसं लागत नाही हो. माझ्या बोटाला नाही, तर आक्कांच्या कसं लागेल?"

साहेबांनी डोळे मिटून पाहिलं. खरं होतं. उठाव होता तो डोळ्यांपुरता.

आता खरी चूक इथे झाली, की बदकाच्या कडा पुन्हा एकदा घोटून पुढे जाण्याऐवजी साहेब कागदाच्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्या बाईने त्यांना नवीनच विद्या सांगितली. चिकट शाईने चित्र काढायचं, त्यावर सोनेरी भुकटी शिंपडायची, जादा झटकायची, आणि खालून-वरून गरम करायचं. भुकटी वितळते, फुगते आणि सोन्याचा उठाव तयार!

"गरम कशाने करायचं?" साहेबांनी विचारलं.

"त्याचं एक यंत्र येतं. पण केस वाळवायचं वापरू नका हां, ते—"

पुढचं ऐकायला साहेब थांबलेच नाहीत. 'केस वाळवायचं' एवढं कानात पडल्यावर ते भुकटीची डब्बी घेऊन दाराबाहेर होते, कारण घरी केस वाळवायचं यंत्र होतं.

बदक काढलं. भुकटी शिंपडली. यंत्र रोखलं आणि बटण दाबलं. त्याच क्षणी दार उघडून सोसायटीचे सेक्रेटरी आत आले.

सेक्रेटरी म्हणजे बारीक चणीचा, जाड मिशीचा आणि प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळून नेणारा माणूस. छत्रीसुद्धा तो गुंडाळून नेतो. ते म्हणत होते, "शिक्केसाहेब, लिफ्टचा अर्ज आहे, शुक्रवार शेवटची तारीख, कचेरीतला तुमचा अनुभव, एकदा नजर टा—"

'टा'वर त्यांचं तोंड उघडं होतं. केस वाळवायच्या यंत्राला नुसतं गरम करता येत नाही, ते फुंकतंही. डब्बीभर सोनं एका झुळकीत कागदावरून उठलं आणि सेक्रेटरींच्या कपाळावर, मिशीवर आणि उघड्या तोंडात जाऊन बसलं. ते धावत घरी गेले. दहा वाजता त्यांची पाणी खात्याच्या साहेबांशी बैठक होती. तोंड कितीही धुतलं तरी मिशीतलं सोनं निघालं नाही. असं म्हणतात, की पाणी खात्याच्या साहेबांनी त्या दिवशी उभं राहून त्यांचं स्वागत केलं आणि पाणी अर्धा तास वाढवून दिलं. पण ते राहू दे.

महत्त्वाची गोष्ट अशी, की पळताना सेक्रेटरींच्या हातातली वस्तू टेबलावरच राहिली. बायकोने घरातलं सोनं झाडताना वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चवड पाहिली, आणि कुठल्याही सुज्ञ गृहिणीने ठेवली असती तशी रद्दीवर ठेवून दिली.

वाढदिवसाला एक दिवस उरला. सकाळी ते दातांच्या डॉक्टरणीच्या दारात उभे राहिले.

"जोर हवा," ते म्हणाले. "कचेरीतल्या यंत्राला दांडा होता. मला दांडा द्या."

डॉक्टरणीने थोडा विचार केला. "काका, माझी गाडी नऊ वाजता निघते. पत्र दोन फळ्यांमध्ये ठेवून चाकाखाली घाला. फक्त वर काहीतरी मऊ जाड द्या, रद्दीची गादी करा, म्हणजे कागद आत दबेल."

साहेबांना एवढा आनंद झाला, की त्यांनी तिला जिन्यातच नमस्कार केला. पाच मिनिटांत अंगणात थर रचला गेला. खाली पोळपाटाएवढी फळी. तिच्यावर गुडघ्याचं बदक. त्यावर जाड कागदाचं पत्र, जे उत्साहाच्या भरात ओलसर नव्हे तर चिंब भिजवलं होतं. त्यावर रद्दीतली सगळ्यात नीटनेटकी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाड चवड. वर दुसरी फळी. जिन्याच्या पायऱ्यांवर प्रेक्षक बसले. समोरचे आजोबा दुर्बीण घेऊन आले.

गाडी पुढे गेली. फळी कुरकुरली. डॉक्टरीण कामाची पक्की. तिने गाडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे नेली. "दाढ पक्की बसली पाहिजे," खिडकीतून हात हलवत ती म्हणाली आणि निघून गेली.

साहेबांनी वरची फळी उचलली. पत्राचा लगदा झाला होता. बदक त्याच्या आरपार निघून वरच्या चवडीत घुसलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र उलगडलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. आत लिफ्टचा अर्ज होता. सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या, नकाशे, दाखले, पोचेची प्रत, एकूण सत्तावीस कागद. आणि प्रत्येकावर बदक! पहिल्या पानावर ते टच्च फुगून उभं होतं, असं देखणं, की चौतीस वर्षांत यंत्राने तसा उठाव दिला नव्हता. दहाव्यावर जरा बुडालेलं, आणि सत्ताविसाव्यावर नुसता पाण्यावरचा तरंग.

सेक्रेटरींनी ते पाहिलं तेव्हा त्यांची सोनेरी मिशी थरथरली.

"साहेब, चार वेळा हा अर्ज परत आलाय. 'वरच्या कार्यालयाची संमती नाही' म्हणून. उद्या शेवटचा दिवस. पुन्हा सह्या कधी घेऊ? तिसऱ्या मजल्यावरचे परगावी गेलेत!"

"उद्या मी जातो," साहेब म्हणाले. "माझीच कचेरी आहे ती. मला ओळखतात."

कचेरीत त्यांना कुणीही ओळखलं नाही. "काका, रांग तिकडे," एवढंच. ज्या खुर्चीत त्यांनी चौतीस वर्षं काढली तिच्यावर एक तरुण बसून एका हाताने मोबाइल बघत होता आणि दुसऱ्या हाताने, कागदाकडे न बघता, दांडा दाबत होता. खटक. खटक. प्रत्येक खटक्याला साहेबांच्या मनगटात कळ येत होती.

खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला. 'संमती नाही' हा शेरा लिहायला पेन उचललं. आणि त्यांचा अंगठा बदकावर पडला.

त्या थांबल्या. अंगठा पुन्हा फिरवला. दुसरं पान पाहिलं, तिसरं पाहिलं. मग उठून आतल्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. मोठे साहेब चष्मा लावत बाहेर आले.

"हा उठावाचा शिक्का कुठल्या कार्यालयाचा?"

"माहीत नाही, सर. पण सत्तावीसच्या सत्तावीस पानांवर आहे. आपण तर पहिल्याच पानावर मारतो."

"म्हणजे वरचाच असणार," मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले. "नवीन बोधचिन्ह आलंय वाटतं. परिपत्रक आलं होतं ना?"

आता परिपत्रक पाहिलं नाही असं कुठल्या कचेरीत कोण कबूल करतं? "आलं होतं, सर," बाई म्हणाल्या. "आलं होतं," मागच्या टेबलावरचा म्हणाला. "मी तर दोनदा वाचलं," त्याच्या शेजारचा म्हणाला.

इथे साहेबांनी फक्त गप्प बसायचं होतं. लिफ्ट सुरू झाली असती, सोसायटीने हार घातला असता. पण ज्या माणसाने चौतीस वर्षं शिक्क्याचं इमान सांभाळलं, त्याच्याने ते बघवेना. त्यांनी खिडकीत डोकं घातलं.

"साहेब, तो शिक्का नाही. ते बदक आहे. मी केलंय. बायकोच्या गुडघ्यापासून."

मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"काका, आपण काय करता?"

"निवृत्त आहे. इथेच होतो. शिक्क्यावर."

"मग निवृत्तच राहा," मोठे साहेब दयाळूपणे म्हणाले. "शिक्का कशाला म्हणतात ते आम्हाला शिकवू नका. हा एवढा स्वच्छ, एवढा समान दाब असलेला उठाव घरी होतो होय? तीस वर्षं गावोगावच्या कचेऱ्यांत नोकरी केली आम्ही!"

साहेबांना हा अपमान मानावा की आयुष्यातली पहिली शाबासकी, हे कळेना. दोन्हीचा घोट एकदमच घ्यावा लागला. तेवढ्यात मागून खटक असा आवाज झाला, आणि अर्जावर आणि त्याच्या पोचेच्या प्रतीवर, बदकाच्या बाजूला, कचेरीचा मंजुरीचा शिक्का उमटला. वाकडा.

त्या संध्याकाळी साहेब चार मजले चढून आक्काकडे गेले. बायको मागून गुडघा धरत आली. हातात पत्र नव्हतं, करायला वेळच उरला नव्हता. पोचेची ती प्रत तेवढी होती, दुमडलेली, लाल फीत बांधलेली. साहेबांनी ती पुढे केली.

आक्काने फीत सोडली. बोटं कागदावरून हळूहळू चालली. काठावरून आत, आतून मध्ये. आणि थांबली.

"अगंबाई!" ती म्हणाली. "दोनाचं बदक!"

तिने शेपटीवर बोट टेकवलं.

"मेल्या, पंचाहत्तर वर्षांची झाले मी, आणि तू अजून शेपटीचा फराटा लांबच ओढतोस." बोटं पुन्हा फिरली, मानेवरून, पंखावरून, चोचीपर्यंत आणि परत. बराच वेळ. मग ती बाजूला सरकली. "आणि हे गोल काय? शिक्का? हा तुझा नव्हे."

"कशावरून?"

"वाकडाय. माझ्या या घराच्या कागदावर तुझा आहे ना. रोज दुपारी काढून चाचपते मी. डोळे होते तोवर कधी नीट बघितला नव्हता बाई. अगदी सरळ आहे तो, ओळंब्यात."

शिक्केसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मनगट दोनदा फिरवलं.

"पण रे," आक्का कागद उलटसुलट करत म्हणाली, "हा कागद कसला? पत्रासारखा लागत नाही."

"अर्ज आहे," बायकोने सांगून टाकलं. "लिफ्टचा."

"म्हणजे माझ्या पंचाहत्तरीला तू मला अर्ज दिलास?"

"मंजूर झालेला आहे, आक्का," साहेब म्हणाले. "लिफ्ट उद्यापासून सुरू."

आक्काने कागदाची घडी केली, उशाशी ठेवली आणि पाय खाली सोडले.

"मग नुसते उभे काय राहिलात दोघं? पलंगाखाली बघा. वर्ष झालं, माझ्या चपला कुठे पडल्यात देव जाणे. उद्याच्या आत सापडल्या पाहिजेत."